‘असले कसले नाव?’ : मुलींच्या नावांचा विसरलेला इतिहास

🧵 १/
घरात मुलगी जन्मते, बारसे होते, आत्या पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगते. ते नाव कुणी पूर्वी ऐकलेले नसले की समाजमाध्यमांवर ठरलेला खटला उभा राहतो. ‘असले कसले नाव? याचा अर्थ काय? आपल्या परंपरेत नावांचा दुष्काळ पडला होता काय?’ या खटल्यात फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असतो. परंपरेच्या नावाने निकाल दिला जातो, पण खुद्द परंपरेला साक्षीला कुणी बोलावत नाही. या धाग्यात ती साक्ष नोंदवली आहे.

२/
फिर्यादीचे आक्षेप तीन असतात. नाव शास्त्राला आणि रूढीला धरून नाही. नावाला अर्थ नाही. नाव आपल्या मातीतले नाही. तिन्ही आक्षेप इतिहासाच्या आधाराने केल्याचा आव असतो, म्हणून ते इतिहासाच्याच आधाराने तपासले पाहिजेत.

३/
आधी शास्त्र. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वाद सुचवणारे असावे, असे तेथे म्हटले आहे. पारस्कर गृह्यसूत्र तर अक्षरेही मोजते: मुलीच्या नावातील अक्षरे विषम असावीत आणि शेवटी ‘आ’ असावा. एवढा भाग परंपरेचे कैवारी आनंदाने सांगतात.

४/
त्याच्या लगतचे श्लोक ते सांगत नाहीत. तेथे वर्णांप्रमाणे नावांची वाटणी आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल सुचवणारे, क्षत्रियाचे बल सुचवणारे, वैश्याचे धन सुचवणारे आणि शूद्राचे ‘जुगुप्सित’, म्हणजे ऐकताच किळस यावी असे. ज्याला सौंदर्याचा नियम म्हणून पुढे केले जाते, तो समाजाच्या उतरंडीचाही नियम होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, तो हाच.

५/
याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात वधू निवडण्याचे नियम आहेत. कोणत्या मुलीशी विवाह करू नये? जिचे नाव नक्षत्राचे, वृक्षाचे, नदीचे, पर्वताचे, पक्ष्याचे, सर्पाचे, अंत्यज मानलेल्यांचे किंवा दासीपणा दाखवणारे आहे, अथवा जिचे नाव ऐकून भीती वाटते, तिच्याशी. ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी आणि मग स्वतःच्या घरातील आजी-पणजींची नावे आठवावीत.

६/
गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तापी, भागीरथी. मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना नद्यांची नावे दिली, आणि त्यांत शास्त्रपठण करणारी घरेही होती. पुढे रोहिणी, रेवती, चित्रा, स्वाती, अनुराधा अशी नक्षत्रेही पाळण्यात आली. शास्त्राने ज्या नावांना नकार दिला, तीच नावे आज ‘जुनी, सात्त्विक, पारंपरिक’ म्हणून मिरवली जातात. लोकांनी नियम मोडला आणि मोडलेला नियमच रूढी झाला.

७/
आणखी मागे गेले तरी हेच दिसते. नाणेघाटातील कोरीव लेख जिच्यामुळे ओळखला जातो, ती सातवाहन राणी नागनिका. तिच्या नावातच नाग आहे. कण्व ऋषींनी रानात सापडलेल्या मुलीला नाव दिले शकुंतला, कारण शकुंत पक्ष्यांनी तिचे रक्षण केले होते. म्हणजे भारतीय साहित्यातील सर्वांत लाडक्या नायिकेचे नाव एका प्रसंगावरून, एका पालकाने, त्याच वेळी घडवलेले आहे. शिवाय ते पक्ष्यावरून आहे. मनूच्या यादीत तिलाही स्थान नाही.

८/
आता पंचांग. जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर ठरवण्याची पद्धत आजही चालते. त्या कोष्टकात आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ आहे, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’ आणि उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ‘ञ’. या अक्षरांनी सुरू होणारा शब्द मराठीत शोधून दाखवावा. अशा वेळी अक्षर बदलून घेतले जाते, किंवा एक नावरस नाव पत्रिकेत राहते आणि दुसरेच नाव हाक मारायला ठेवले जाते. शब्दकोशात नसलेल्या नावाची सोय खुद्द पंचांगाने करून ठेवली आहे.

९/
तेराव्या शतकातील एका घराकडे पाहावे. आपेगावच्या विठ्ठलपंतांची चार मुले: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ही नावे नदीची नाहीत, कुलदेवतेची नाहीत. एकापुढे एक ठेवली तर ती साधनेचा क्रमच सांगतात आणि त्या क्रमाचे शेवटचे, सर्वोच्च स्थान मुलीच्या नावाला मिळाले आहे. बहिष्कृत कुटुंबातील त्या मुलीचे नाव एक संपूर्ण विचार होते. आज असे नाव कुणी प्रथमच ठेवले असते, तर ‘फारच वेगळे काहीतरी करायची हौस’ असा शेरा नक्की मिळाला असता.

१०/
दुसरा आक्षेप: अर्थ. येथे एक साधे उदाहरण पुरेसे आहे. ‘अस्मिता’ हे नाव मराठी घरांत सर्वत्र आढळते आणि त्याला कुणी निरर्थक म्हणत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे. अविद्या, राग, द्वेष आणि अभिनिवेश यांच्या पंक्तीतला. आधुनिक मराठीने त्या शब्दात स्वाभिमानाचा अर्थ भरला आणि मुलींना तो अभिमानाने दिला. अर्थ शब्दाला चिकटून जन्माला येत नाही. तो माणसे वापरातून देतात.

११/
ज्या नावांना सर्वाधिक अर्थपूर्ण मानले जाते, त्यांची फोड करून पाहावी. जानकी: जनकाची मुलगी. द्रौपदी: द्रुपदाची मुलगी. पांचाली: पांचाल देशाची. गांधारी: गांधारची. कैकेयी: केकय देशाची. ही नावे नसून पत्ते आहेत. बापाचे किंवा प्रदेशाचे. द्रौपदीचे स्वतःचे नाव कृष्णा, पण ते किती जणांच्या ओठांवर असते? गांधारीला तिच्या आईने कोणत्या नावाने हाक मारली असेल, हा प्रश्नही सहसा कुणाला पडत नाही.

१२/
यावर कुणी म्हणेल की ही नावे आज आदराने ठेवली जातात. ठेवावीतच. मुद्दा त्यांना हलके ठरवण्याचा नाही. मुद्दा एवढाच आहे की ‘अर्थ’ ही कसोटी लावायची असेल तर ती सर्वांना सारखी लावावी. बापाच्या नावाला प्रत्यय जोडून केलेले नाव अर्थपूर्ण ठरते आणि आई-बापांच्या नावांतील अक्षरे जोडून केलेले नाव हास्यास्पद ठरते. या दोहोंत भाषेच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. दुसऱ्यात निदान आईला जागा आहे.

१३/
तिसरा आक्षेप: परकेपणा. जुनी मराठी कागदपत्रे उघडावीत. तेथे पुरुषाची ओळख ‘अमुक बिन तमुक’ अशी लिहिलेली आढळते आणि विवाहितेची ‘अमकी कोम तमका’ अशी. ‘बिन’ आणि ‘कोम’ हे दोन्ही शब्द अरबीतून आले. मालोजीराजांच्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी. नगरच्या शाह शरीफ या पिराशी त्यांचा संबंध परंपरा सांगते. खेड्यापाड्यांतील गुलाबबाईच्या नावातला ‘गुलाब’ फारसी आहे. मराठी भाषेने हे सगळे पचवले आणि ती मराठीच राहिली.

१४/
नवे नाव जुने कसे होते, याचा सर्वांत ओळखीचा दाखला घ्यावा. १९२९ मध्ये जन्मलेल्या एका मुलीचे नाव हेमा ठेवले गेले. पुढे ते बदलले. ‘भावबंधन’ नाटकातील लतिका या पात्रावरून ती लता झाली. तिच्या वडिलांनी हर्डीकर हे आडनाव मागे टाकून गोव्यातील मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतले होते. ‘लता मंगेशकर’ या नावाचे दोन्ही भाग असे ताजे घडवलेले होते. आज ते नाव सनातन वाटते, कारण ते धारण करणारीने त्याला तसे केले.

१५/
हे केवळ महाराष्ट्रात घडले असे नाही. बंगालीतील थोर लेखिका नवनीता देव सेन यांचे नाव रवींद्रनाथ ठाकुरांनी सुचवलेले. इंग्रजीतील ‘व्हॅनेसा’ हे नाव जोनाथन स्विफ्टने एका स्त्रीच्या नाव-आडनावातील अक्षरे जोडून बनवले. आज ते नाव लावणाऱ्या मुलीला कुणी ‘हे तर बनावट’ असे म्हणत नाही. नाव बनावट असण्याची मुदत असते. दोन पिढ्यांत ती संपते.

१६/
हा नियम स्वतःच्या घराच्या वंशावळीवर तपासता येईल. पणजीच्या पिढीत काशी, गोदावरी, भागीरथी. आजीच्या पिढीत कुमुद, मालती, सुधा. आईच्या पिढीत सुनीता, संगीता, मनीषा. मग स्नेहल, प्रियांका, पूजा. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीला अनोळखी वाटणारी नावे आणली. भागीरथीबाईंच्या कानाला ‘कुमुद’ हे नाव जेवढे नवे होते, तेवढेच आज कुमुदताईंना ‘मायरा’ नवे आहे.

१७/
आता या खटल्यातील खरा मुद्दा. नाव वेगळे असल्याची एवढी चिंता करणाऱ्या समाजाने मुलींची नावे जपली काय? १८६५ साली कल्याणच्या एका घरात यमुना जन्मली. नवव्या वर्षी लग्न झाले आणि पतीने तिचे नाव आनंदी ठेवले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी त्या याच. जगाला आनंदी माहीत आहे. यमुना माहेरीच राहिली.

१८/
त्यांच्या तीन वर्षे आधी जन्मलेली कुर्लेकरांची यमुना. लग्नानंतर ती रमाबाई रानडे झाली. टिळकांच्या घरात आलेली तापी सत्यभामाबाई झाली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. विधवा गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून मोठे धाडस केले. त्याही आनंदीबाई झाल्या. यमुना, यमुना, तापी, मनकर्णिका, गोदू: जुन्या, पवित्र, अर्थपूर्ण नावांची अशी एक रांगच पुसली गेली.

१९/
या रांगेत सुधारक घरेही आहेत, हे लक्षात घ्यावे. बायकोला शिकवण्यासाठी समाजाशी भांडणाऱ्या पुरुषांनाही तिचे नाव बदलणे खटकले नाही, इतकी ती रीत अंगवळणी पडली होती. ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहायचे आणि वधूने ते स्वीकारायचे. आई-बापांनी विचार करून, आत्याने कानात सांगून, शेजारणींनी गाणी म्हणून दिलेले नाव एका ताटात संपत असे. त्या वेळी ‘परंपरेचे काय?’ असे कुणी विचारले नाही, कारण हीच परंपरा होती.

२०/
नाव निवडण्याचा अधिकार स्त्रीने स्वतःकडे घेतला तेव्हा काय झाले, तेही पाहावे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिका: विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, अविवाहित तरुणींच्या घुसमटीविषयीच्या त्या कथांनी मोठे वादळ उठले आणि ही विभावरी नेमकी कोण, याचा शोध सुरू झाला. कारण या नावाची बाई अस्तित्वातच नव्हती.

२१/
त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. एक नाव माहेरचे, एक लग्नानंतरचे आणि एक स्वतः घडवलेले. जे बोलायचे होते ते तिसऱ्या, बनवलेल्या नावानेच बोलता आले. मराठी साहित्याच्या इतिहासात ते बनवलेले नाव पहिल्या दोन नावांच्या बरोबरीने उभे आहे. बनवलेले नाव खोटेच असते, असे मानणाऱ्यांनी या एका नावाचा विचार करावा.

२२/
१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर बौद्ध घरांत मुलींची जी नावे रुजली ती अशी: प्रज्ञा, करुणा, मैत्री, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, आम्रपाली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षेची नावे वाट्याला आली होती, तिथे पाळण्यात ‘प्रज्ञा’ आली. गावगाड्याला हे नवे होते. ‘शूद्राचे नाव जुगुप्सित असावे’ या नियमाला दिलेले ते रोजच्या हाकेतले उत्तर होते. नवे नाव ही हौस असते, असे सरसकट म्हणणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसतो किंवा नको असतो.

२३/
आणि आता ते नाव, ज्याच्यामुळे हा सगळा वाद उलटा उभा राहतो: नकुशी. कुठे नकुसा, कुठे नकोशी. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली, म्हणून ठेवलेले नाव. फिर्यादीच्या तिन्ही कसोट्या त्याला लावून पाहाव्यात. रूढीला धरून आहे? आहे. अर्थ स्पष्ट आहे? लहान मुलालाही कळेल इतका. आपल्या मातीतले आहे? अस्सल मराठी धातूपासून, मराठी व्याकरणाने घडलेले आहे. उच्चारालाही सोपे आहे.

२४/
ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा २८५ मुलींच्या नामांतराचा कार्यक्रम घेतला. मुलींनी नवी नावे घेतली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ होत्या. नाव बदलून हे आकडे बदलत नाहीत, हे खरे. पण वर्गात हजेरी घेताना रोज ‘नको असलेली’ अशी हाक ऐकणे आणि ते थांबणे, यातले अंतर त्या मुलींना विचारावे.

२५/
ज्या समाजाने ‘नकुशी’ सहज पचवले, त्याला ‘शनाया’ पचत नाही. पहिल्या नावावर समाजमाध्यमांत विनोद फिरत नाहीत, दुसऱ्यावर फिरतात. संस्कृतीला खरोखर धोका कोणत्या नावात आहे, हे ठरवायला इतिहासाची पदवी लागत नाही.

२६/
प्रतिपक्षाच्या दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पहिली: नाव मुलीला आयुष्यभर वागवायचे असते. प्रत्येक कार्यालयात अक्षरे फोडून सांगावी लागणारे, दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरेच छापले जाणारे नाव तिला त्रास देते. पालकांनी हा विचार जरूर करावा. नावाची घाईही नाही: १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद नावाविना करून नाव नंतर भरता येते.

२७/
दुसरी गोष्ट: खोटी व्युत्पत्ती. कानाला गोड वाटले म्हणून एक नाव ठेवायचे आणि मग त्याला ‘संस्कृतमध्ये लक्ष्मी’, ‘संस्कृतमध्ये सूर्याचा पहिला किरण’ असा अर्थ चिकटवायचा, हा प्रकार बोकाळला आहे. कोणत्याही कोशात नसलेला शब्द संस्कृताच्या माथी मारणे ही भाषेची फसवणूक आहे. पण ही फसवणूक पालक का करतात? आत्यापासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण अर्थाचा दाखला मागतो म्हणून. ‘नाद आवडला, म्हणून ठेवले’ हे उत्तर प्रामाणिक आहे आणि पुरेसेही असायला हवे.

२८/
आणखी एक बाब नोंदवावी लागते. हसू सगळ्या नव्या नावांना सारखे येत नाही. शहरातील उच्चभ्रू घरात ‘कियारा’ आली तर ती आधुनिक ठरते. वस्तीतल्या किंवा खेड्यातल्या घरात ‘स्वीटी’ वा ‘डिंपल’ आली की तिची नक्कल होते. दोन्ही नावे मराठी कोशाबाहेरचीच. मग हसू कशाचे येते? नावाचे की नाव ठेवणाऱ्याच्या परिस्थितीचे? मराठीत ‘नावे ठेवणे’ या शब्दांचे दोन अर्थ आहेत, ते उगाच नव्हे.

२९/
मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नोंदीत बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. ‘अमकी कोम तमका’पासून येथवर येण्यास फार काळ लागला. आईचे नाव कागदावर आले. आता प्रश्न मुलीच्या नावाचा, म्हणजे तिच्या कागदावरच्या पहिल्याच शब्दाचा आहे.

३०/
सातवाहनांच्या नागनिकेपासून विठ्ठलपंतांच्या मुक्तेपर्यंत, लतिकेच्या लतेपासून विभावरीपर्यंत, नावे नेहमीच घडवली गेली. परंपरेत टिकून राहिलेली एकच गोष्ट दिसते: मुलीचे नाव ठरवण्याचा आणि पुसण्याचा अधिकार इतरांच्या हाती असणे. परंपरेशी भांडायचे असेल तर ते येथे भांडावे.

३१/
म्हणून पुढच्या बारशाला पाळण्यातल्या मुलीचे नाव अनोळखी वाटले, तर ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न राहू द्यावा. विचारायचेच असेल तर तिच्या आई-बापांना एवढे विचारावे: लग्नानंतरही हे नाव तिचेच राहील ना?

(धागा समाप्त)